किती एचपीचा?

दिवाळीला गावी गेलो की रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघं भाऊ अंगणात बाजेवर आडवे होतो. खिडकीतून चार्जरची वायर बाहेर आलेली असते आणि ती कुणी वापरायची यावरून अजूनही भांडण होतं. ऑक्टोबर 2025 ची दिवाळी. त्याच्या मोबाइलवर चिखलात रुतलेला ट्रॅक्टर होता आणि माझ्या मोबाइलवर अमेरिकेतली एक मसल कार.

"काय बघलालास दादा?"

मी सांगितलं. डॉजने नव्या चार्जरमध्ये आठ सिलिंडरच्या जुन्या हेमी इंजिनाऐवजी सहा सिलिंडरचं, दोन टर्बोवालं तीन लिटरचं इंजिन बसवलंय. ताकद 550 एचपी. जुन्या 6.4 लिटर हेमीची 485 होती. आकडा वाढला, तरी तिकडचे शौकीन चिडलेत. आठ सिलिंडरचा तो आवाजच नसेल तर ती मसल कार कसली, म्हणतात.

"साडेपाचशे! आन् वडती काय?"

"काही नाही. एक माणूस बसून ऑफिसला जातो."

तो इतका हसला, की आत झोपलेले आबा खोकले.

मग तो हळूच मूळ मुद्द्यावर आला. त्याला नवा ट्रॅक्टर घ्यायचा होता. 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला होता, म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास वाचणार होते. पुढच्या महिन्यात कारखाने सुरू होणार होते. आमचं माकणी लोहारा तालुक्यातलं, निम्न तेरणा धरणाच्या काठचं. धरणात पाणी असलं की शिवारात ऊस असतो आणि ऊस असला की वाहतुकीचं काम असतं. आमच्या जुन्या ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या झेपत नव्हत्या. आबांना 45 एचपीचा पुरेसा वाटत होता. भावाला 55 चा हवा होता. मधल्या दहा घोड्यांवरून घरात आठ दिवस कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. सुरुवातीचे पैसे मी भरणार होतो, त्यामुळे निवाडाही माझ्याकडेच आला.

मी इंजिनिअर. लॅपटॉप उघडला.

आधी त्याला हे सांगितलं, की एचपीचा आकडा कुठे मोजला यावर ठरतो. अमेरिकेत 1971 पर्यंत बहुतेक कंपन्या इंजिन गाडीतून बाहेर काढून, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचं ओझं न लावता मोजत. 1972 पासून हे सगळं बसवून मोजायला लागले. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटचं एलटी-1 इंजिन 1971 च्या पत्रकात 330 एचपीचं होतं, ते 1972 च्या पत्रकात 255 चं झालं. इंजिन जवळपास तेच. घोडे बरेचसे कागदावरच मेले.

ट्रॅक्टरचंही असंच. ट्रॅक्टरवर लिहिलेला आकडा इंजिनाचा. रोटाव्हेटरला ताकद मिळते ती मागच्या पीटीओवर, आणि तिथे पोचेपर्यंत साधारण दहा-पंधरा टक्के गळालेली असते. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात पीटीओची ताकद आणि प्रत्यक्ष ओढ वेगवेगळी दिलेली असते. मी दोन मॉडेलांचे अहवाल काढून त्याच्यासमोर ठेवले.

त्यात कायद्याची एक मेख आहे. जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरला धुराचे कडक नियम लागू झाले. त्यासाठी महागडी इंधन यंत्रणा लागते, सेन्सर लागतात. म्हणून पन्नाशीच्या आत, अगदी उंबरठ्यावर थांबणारे आकडे बाजारात दिसतात. म्हणजे 55 घेतलास तर नुसते दहा घोडे जास्त घेत नाहीस, गावच्या मिस्त्रीला उघडता न येणारं इंजिनही घेतोस.

मी खूश होतो. एक्सेलमध्ये डिझेल, हप्ता, व्याज सगळं मांडलं होतं. 45 जिंकत होता.

भाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "तुझं बरोबर हाय. पण खळ्यावर पोरं बसली की पयला प्रश्न काय असतो? किती एचपीचा? मुकादम बी तेच इच्यारतो. तुझं लग्नाचं बघायला लोकं आली, तवा तुझं गाव, तुझा सोभाव इच्यारला का कुणी? पॅकेज किती, एवढंच इच्यारलं. तुझा आकडा हाय. माझा सांग की कोणता हाय."

याचं उत्तर एक्सेलमध्ये नव्हतं.

बारावीला त्याला माझ्यापेक्षा जास्त टक्के होते. त्या वर्षी पाऊस नव्हता आणि माझ्या इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं. दोघांची फी निघणार नव्हती. कुणीतरी घरी थांबायचं होतं. कुणी थांबायचं यावर घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. एका सुट्टीत मी आलो तेव्हा तो ट्रॅक्टरवर होता, एवढंच आठवतं. पुण्यात बसून मी साडेपाचशे घोड्यांच्या गाडीवर चार अनोळखी लोकांशी तासभर वाद घालतो आणि त्याला शौक म्हणतो. त्याने दहा घोडे मागितले, तर मी त्याला खुळ म्हणायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप बंद ठेवला. आम्ही दोघं डीलरकडे गेलो आणि डेमोसाठी ट्रॅक्टर शेतात मागवला. आमच्या काळ्या रानात रोटाव्हेटर लावून भावानेच तासभर चालवला. उतरल्यावर त्याने टायर दाबून पाहिले, मागचं वजन विचारलं, सर्व्हिसला माणूस कुठून येतो ते विचारलं. यातला एकही प्रश्न मला सुचला नव्हता. शेवटी त्याने पन्नाशीच्या आतलाच, 49 चा निवडला. माझ्या हिशेबामुळे नाही. उमरग्याहून मिस्त्री आणायला लागला तर हंगामात दोन दिवस जातात, हे त्याचं कारण. पाडव्याला ट्रॅक्टर दारात आला. आईने ओवाळलं. शेजारच्या काकांनी लगेच विचारलं, "किती एचपीचा?" भाऊ म्हणाला, "पन्नासचा." मी गप्प बसलो. अमेरिकन कंपन्यांनी याहून मोठे आकडे फुगवले होते.

डिसेंबरमध्ये त्याचा फोन आला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीनंतर नदीकाठच्या रानांना लवकर वाफसाच आला नव्हता. अशाच एका फडात भरलेल्या ट्रॉलीसकट ट्रॅक्टर रुतला होता. माझ्या पोटात गोळा आला. 55 चा घेऊ दिला असता तर निघाला असता का?

"नाय," तो म्हणाला, "55 चा बी रुतून बसला असता."

तो खरं बोलत होता, हे मी नंतर कागदावर तपासलं. 75 किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलायला लागते ती एक मेट्रिक अश्वशक्ती. त्या हिशेबाने 45 एचपी ताशी चार किलोमीटरच्या वेगाला तीन टनांची ओढ देऊ शकते. पण ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास, आणि ओल्या मातीत चाकाला त्या वजनाच्या निम्मीसुद्धा पकड मिळणं मुश्कील. इंजिन थकण्याच्या कितीतरी आधी चाक जागेवर फिरायला लागतं. पुढचे सगळे घोडे फक्त चिखल उडवतात. जास्त एचपी उपयोगी पडते ती डांबरीवर भरल्या ट्रॉल्या पळवताना, रोटाव्हेटर फिरवताना. रुतल्यावर नाही.

"मग काढला कसा?"

"टोचन लावलं. बापूंच्या जुन्या ट्रॅक्टरनं."

तो ट्रॅक्टर मला माहीत आहे. 35 चा, पत्र्याला गंज चढलेला, आमच्या लहानपणापासूनचा.

"35 नं 49 ला ओढलं?"

"त्यो रोडवर हुबा हुता, दादा. कोरड्यावर. लांब साखळी लावली आन् धरली. कोरड्यावर हुबा असंल तर बारका बी वडतो."

तो ट्रॅक्टरबद्दलच बोलत होता. माझ्याबद्दल त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी मी हिंजवडीच्या कँटीनमध्ये फोन कानाला लावून बराच वेळ नुसता उभा राहिलो.

मग पहिल्या सहामाही हप्त्याची तारीख विचारली.