वर काय मिसळलंय?

पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहते, कारण खोपोलीच्या वीजकेंद्रातून १९१५ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी तिच्यात उतरतं. कर्जतकडे उल्हास नदीला भिवपुरीच्या केंद्राचा तसाच आधार. म्हणून आमच्या खालापुरात नदीचा विषय निघाला की माणूस आधी वरचं विचारतो : पाणी सुटलंय का, वाटेत काय मिसळलं? तेलविहिरींच्या पाण्यातून तेल काढणारं रसायन निवडताना मला हाच प्रश्न सर्वांत उपयोगी पडला.

तेलाबरोबर खारं पाणीही वर येतं, आणि तेलक्षेत्र जुनं होईल तसं वाढत जातं. १९७४ साली सापडलेलं मुंबई हायही त्याला अपवाद नाही. हे पाणी समुद्रातल्या फलाटावरून सोडायचं तर लिटरमागे तेल ४० मिलिग्रॅमच्या आत हवं. जमिनीवरच्या केंद्रांना मर्यादा १० ची.

बहुतेक तेल वेगळं केल्यावर पाण्यात उरलेलं तेल अतिसूक्ष्म थेंबांत असतं. थेंबांवर ऋण भार, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. घरोघरी गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तिचं कामही हा भार मारण्याचंच. पण इथे तुरटी वापरली तर तेलकट, चिकट गाळ ढिगाने होतो आणि तो टाकायचा कुठे हा नवा प्रश्न. म्हणून धनभारित पॉलिमर बरे पडतात. त्यांचाही डोस वाढवत नेला की थेंबांवर उलटा भार चढतो आणि निवळत आलेलं पाणी पुन्हा दुधाळ होतं.

आता वरचं, म्हणजे पाणी माझ्यापर्यंत येण्याआधी त्यात काय मिसळलं ते. पाइप गंजू नये म्हणून घातलेलं रसायन थेंबांना चिकटून त्यांना स्थिर करतं. क्षार साचू नयेत म्हणून घातलेलं ऋणभारित रसायन माझ्या पॉलिमरशीच जुळतं, दोन्ही वाया. शिवाय नमुना कॅनमधून आमच्या प्रयोगशाळेत येईतो थंड होतो, हायड्रोजन सल्फाइड उडून जातो, हवा लागून लोह गंजासारखं खाली बसतं. अशा पाण्यावर जार टेस्टमध्ये, म्हणजे बरण्यांत वेगवेगळी रसायनं घालून पाहण्याच्या चाचणीत, पहिलं आलेलं रसायन जागेवर नापास होऊ शकतं.

म्हणून नव्या मुलांना सांगतो : कॅटलॉग नंतर उघडा. आधी वर काय काय सोडताय त्याची यादी मागा, मग जार घेऊन स्वतः जागेवर जा आणि गरम, ताज्या पाण्यावर चाचणी करा. यादी मिळत नसेल, तर डोस सांगू नका.