हक्क आणि परवानगी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शाळेत नागरिकशास्त्राचा बदली तास होता. फळ्यावर कलम १९ लिहिलं : शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. एका मुलीनं विचारलं, "सर, हक्क आहे तर परवानगी कशाला?"

मी माजलगावची गोष्ट सांगितली. २०२० मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध तिथल्या ईदगाह मैदानावर धरणं धरायला परवानगी नाकारली गेली. औरंगाबाद खंडपीठानं तो आदेश रद्द केला. एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही ठरत नाही, असं न्यायालयानं बजावलं.

"सर, तेव्हा आपल्या गावातल्या धरण्याला तुम्ही आला होतात?"

"नाही." नोकरीच्या भीतीनं मी घरीच बसलो होतो.

"माझी अम्मी गेली होती."

कलम मी शिकवतो. तिच्या अम्मीनं ते वापरलं.