ताणलेला धागा

पलसाणा एकेकाळी बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होते. आज ते सुरतेच्या कापडधंद्याचे एक अंग झाले आहे. आमच्या दादांनी येथील एका यंत्रमागाच्या खात्यात तीस वर्षे काढली. उभ्या धाग्यांवर तळहात टेकवून ताण कमी की जास्त, हे ते क्षणात सांगत. घरी मात्र त्यांना हाक ऐकू येत नसे. "दादा लक्षच देत नाहीत," असा आम्हा भावंडांचा निवाडा असे.

तो निवाडा किती अन्यायाचा होता, हे पुढे वाचनातून उमगले. आपल्या प्रत्येक कानाच्या अंतर्भागात सुमारे १६ हजार केसपेशी असतात. प्रत्येकीच्या माथ्यावर सूक्ष्म केसांचा झुबका असतो आणि एका केसाचे टोक शेजारच्या उंच केसाशी अतिसूक्ष्म धाग्याने बांधलेले असते. ध्वनिलहरीने झुबका कलला की धागा ताणला जातो, पेशीपटलातील दार उघडते, पोटॅशियमचे आयन आत शिरतात आणि मेंदूला वर्दी जाते. म्हणजे ऐकणे हेही ताण जोखणेच! परंतु ९० डेसिबलांपुढचा खडखडाट वर्षानुवर्षे सोसला, तर ते केस मोडतात, पेशी मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात नाही. कानात बोळे घालावेत, हे दादांना त्या खात्यात कोणी सांगितले नाही, आणि घरी आम्हीही नाही.

स्पर्शाचे दार निराळे. कॅलिफोर्नियात आर्देम पातापूटियन व बर्ट्रांड कोस्ट यांनी पेशींना सूक्ष्म नळीने टोचून पाहिले, संशयित ७२ जनुके एकेक करून निष्क्रिय केली, तेव्हा कोठे २०१० साली 'पिएझो' प्रथिनांचा शोध लागला. तीन पात्यांच्या पंख्यासारखी त्यांची ठेवण. पटल ताणले की पाती सपाट होतात आणि मधली वाट खुलते. त्यांतील 'पिएझो-२' आपल्याला स्पर्श कळवते. या शोधासाठी पातापूटियन २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

दादांचे एक दार मिटले. दुसरे अजून उघडे आहे. तिन्हीसांजेला नात हरिपाठ म्हणते, तेव्हा ते तिच्या पाठीवर तळहात ठेवून बसतात. स्वर पाठीतून हातात उतरतो आणि ते मान डोलावतात.

आम्हीही आता दुरून हाक मारीत नाही. जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो. ते लगेच वळून पाहतात.