सोंग

मराठीत ‘सोंग’ या शब्दाला दोन धारा आहेत. ‘त्याने सोंग घेतलंय’ म्हटले की तो ढोंगाचा आरोप ठरतो. आणि ‘आज देवळापुढे सोंगे आहेत’ म्हटले की त्याच घरांतून घोंगड्या-सतरंज्या बाहेर निघतात. मंठाळ, हुलसूर, भालकी आणि पलीकडे आळंदपर्यंतच्या या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घराण्यांना दोन्ही अर्थ सारखेच परिचित आहेत. सावकाराच्या वहीतले कूळ रात्री सावकाराचे सोंग घेऊन उभे आहे आणि खुद्द सावकार पुढच्या रांगेत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतो आहे, असे दृश्य आमच्या वाडवडिलांनी रंगवून सांगितलेले आहे. सकाळी वही तशीच असे, हेही ते सांगावयास विसरत नसत.

पुण्या-हैदराबादेस नोकरीला असलेली आमच्या घरांतील मुले सणासुदीला येतात, तेव्हा हाच प्रकार कंपन्यांत ‘रोल प्ले’ या नावाने चालतो असे सांगतात. वरिष्ठाला कनिष्ठ व्हावयास लावतात, माल विकणाऱ्याला गिऱ्हाईक व्हावयास लावतात, आणि त्यातून एकत्र काम करणाऱ्यांचे संबंध सुधारतात, असा त्यामागील विचार. मुलांच्या बोलण्यात थोडी थट्टा असते. आम्हास मात्र थट्टा करवत नाही, कारण हा प्रयोग आम्ही आमच्याच तालुक्यात, पत्र्याच्या छपराखाली पाहिलेला आहे.

येथील एका सहकारी संस्थेत आम्ही हिशेबाचे काम पाहत होतो. संस्थेचे नाव देण्याचे प्रयोजन नाही. २००९ साली वरिष्ठ कार्यालयाने तेथे म्हैसूरकडचा एक तरुण अधिकारी नेमला. त्याला मराठी येत नव्हते आणि इकडची दखनी तर त्याच्या कानावरून नुसती वाहून जाई. संस्थेत जुने कारकून होते, इथल्याच मराठी घराण्यातले. त्यांना कन्नड उत्तम वाचता येई. पण अधिकाऱ्याने कन्नडमध्ये विचारले की ते हट्टाने मराठीत उत्तर देत. मराठी शेतकऱ्यांची प्रकरणे हा मुद्दाम परत पाठवतो, अशी एकाची समजूत. हा माणूस सर्वांदेखत आपला पाणउतारा करतो, अशी दुसऱ्याची. आठ महिने दोघांत शब्द नव्हता. एका दालनात बसून ते शिपायाच्या हातून चिठ्ठ्या पाठवीत. त्या साली मृग निघून गेला आणि अकरा शेतकऱ्यांच्या पेरणीच्या कर्जाचे कागद टेबलावरच राहिले. त्या अकरा जणांनी तूर पेरली ती खासगी व्याजाच्या पैशाने.

भाषेच्या अभिमानाविषयी बोलताना हे अकरा जण आम्हास आठवतात. त्यांच्यातले सात मराठी बोलणारे होते, चार कन्नड.

संचालक मंडळींनी समज दिली, त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा निवृत्त प्राथमिक शिक्षक असलेल्या एका गुरुजींना बोलाविण्यात आले. आयुष्यभर भारुडात सोंगे घेतलेला हा गृहस्थ. त्यांनी एका रविवारी नऊही कर्मचाऱ्यांना बोलावून अधिकाऱ्याची खुर्ची दालनाच्या मध्यभागी ठेवली आणि तीनच अटी घातल्या: कोणी स्वतःचे सोंग घ्यावयाचे नाही, कोणाच्या आवाजाची वा अंगाची नक्कल करावयाची नाही, फक्त त्याचे काम करावयाचे, आणि साहेबांनीही सोंग घेतले पाहिजे.

प्रथम कारकून अधिकारी झाले. त्यांच्यापुढे पाच माणसे उभी केली, हातात टेलिफोन दिला, आणि गुरुजींनी मागून घंटा वाजवावयास सुरुवात केली. जिल्ह्याहून विचारणा, वसुलीचे आकडे, पुन्हा घंटा. पाच मिनिटांत कारकुनांच्या तोंडून आपोआप निघाले, ‘नाळे बा.’ उद्या या. सगळे हसले. (कर्नाटकात भूत दाराशी येऊन हाक मारू लागले तर त्याला परतवण्यासाठी दारावर हेच दोन शब्द लिहून ठेवण्याची चाल होती. भुताला लागू पडलेला उपाय आपण कर्जदारालाही लावत आलो आहोत.) कारकून मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, “घंटी वाजली की म्होरला माणूस दिसंनाच झाला.”

नंतर अधिकारी शेतकरी झाला. त्याच्या हाती गुरुजींनी चार पानांचा छापील मराठी अर्ज दिला आणि तो भरल्याखेरीज बोलावयाचे नाही असे सांगितले. त्याला एक अक्षर लागेना. पहाणी कोठे जोडावयाची, जामीनदाराची सही कोठे, कशाचा पत्ता नाही. तो ज्याच्या त्याच्या तोंडाकडे पाहू लागला, आणि गुरुजींच्या सूचनेवरून जो तो त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवू लागला. तिसऱ्या टेबलाशी तो थांबला आणि त्याने कन्नडमध्ये विचारले, “इथे वाचून कोण दाखवते?” संस्थेत तसे कोणी नव्हते.

आमच्या मते त्या दिवसातील सर्वांत कठीण घटका यानंतर आली. पतीच्या जागी लागलेल्या एक बाई तेथे होत्या; कन्नड-मराठी सारेच त्यांना अक्का म्हणत. गुरुजींनी त्यांना खुर्चीत बसावयास सांगितले. त्या खुर्चीपर्यंत गेल्या, पाठीवर हात ठेवला आणि बसल्या नाहीत. “गुरुजी, या खुर्चीपुढं एकवीस वर्सं उभी हाय मी. आज बसले तर उद्या परत उभं ऱ्हायचं जमायचं न्हाई.” गुरुजींनी आग्रह केला नाही. सोंग नाकारण्याचा अधिकार सोंगाडी जाणतो. प्रशिक्षण देणाऱ्यांना तो क्वचितच ठाऊक असतो.

वसुलीचे काम करणाऱ्या एकाने शिपायाच्या तोतरेपणाची नक्कल आरंभली, तेव्हा गुरुजींनी त्याला तेथल्या तेथे थांबवले. तो पुढेही तसाच राहिला. प्रत्येकात पालट झाला असे आम्ही म्हणणार नाही.

या पद्धतीचा शास्त्रशुद्ध विचार करणारा गृहस्थ म्हणजे याकोब मोरेनो. १८८९ साली बुखारेस्टमध्ये जन्मलेल्या या वैद्याने १ एप्रिल १९२१ रोजी व्हिएन्नाच्या एका नाट्यगृहात रंगमंचावर रिकामे सिंहासन मांडले आणि प्रेक्षकांना म्हटले, या, बसा, राज्य कसे चालवाल ते दाखवा. महायुद्धात साम्राज्य कोसळलेले, राजा परागंदा झालेला. त्या रात्री पसंतीस उतरेल असा राजा काही मिळाला नाही. पण पुढे अमेरिकेत जाऊन मोरेनोने ‘भूमिकांची अदलाबदल’ हे आपल्या उपचाराचे मुख्य साधन केले. भांडणाऱ्या दोघांनी जागा बदलावयाची आणि एकमेकांच्या तोंडून बोलावयाचे. रिकामे सिंहासन आम्हा कल्याणकरांना नवीन नाही. बाराव्या शतकात येथील अनुभवमंटपात शून्यसिंहासन होते आणि त्यावर अल्लमप्रभू अधिष्ठित होते, असे परंपरा सांगते. त्या सिंहासनापुढे ढोर-चांभार, नावाडी आपापल्या व्यवसायाच्या नावानिशी बसून वाद करीत. आणि पैठणास एकनाथांनी सोळाव्या शतकात जोशी, वासुदेव, महार अशी ज्याची त्याची वाणी उचलून भारुडे रचली, हिंदू आणि तुर्क यांना समोरासमोर बोलते केले, त्याला अदलाबदल नाही तर काय म्हणावे?

केवळ अभिनयाने माणसे एकमेकांशी नीट वागू लागतात असे मात्र नव्हे. तसे असते तर आपल्या नाटक मंडळ्या फुटल्याच नसत्या. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांत टेंबे तीतूनही वेगळे झाले. रोज रात्री उदात्त भाषणे म्हणणारी माणसे दिवसा हिशेबावरून अबोला धरीत. कारण भूमिका दुसऱ्याची असली तरी तो दुसरा शेजारच्या बिऱ्हाडातला नव्हता. तो दुष्यंत होता, अर्जुन होता. जिथे तो दुसरा शेजारचाच असतो, तिथे काही निराळे घडते. मोरेनोने सिंहासन मांडले त्याच वर्षी, ८ जुलै १९२१ रोजी, मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी ‘मानापमान’मध्ये भामिनी आणि धैर्यधर होऊन एकत्र उभे राहिले. त्याच ऑक्टोबरात केशवराव वारले. 

आणि आपली रंगभूमीच मुळी कोणाच्या ऋणात आहे? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी पाहिले, तसे आपल्याकडे व्हावे असे त्यांना वाटले, आणि १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले. १९५६ च्या पुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो, याची खंत आमच्या पिढीने पुष्कळ उगाळली. भाव्यांची हकीकत त्या मानाने कमी सांगितली.

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल (१९३१–२००९) यांनी प्रेक्षकालाच उठवून रंगमंचावर आणले आणि ‘तुझ्या जागी मी असतो तर’ हे करून दाखवावयास लावले. त्यांचे नाट्य दबलेल्यांसाठी होते. तेच साधन हाती घेऊन एखादी कंपनी कामगारांना अधिक गोड हसावयास शिकवू लागली, तर आम्हास ते पहिल्या अर्थाचे सोंग वाटेल. पगार थकलेला असताना साहेबाच्या भूमिकेत शिरून कोणाचे पोट भरत नाही. अदलाबदलीनंतर टेबलावरची एखादी वस्तू हलली पाहिजे, एवढी आमची कसोटी आहे.

आमच्या संस्थेत हलल्या त्या दोन वस्तू. अर्जाच्या प्रत्येक रकान्याचा मराठी अर्थ लिहिलेला कागद कारकुनांनी स्वतःच्या हस्ताक्षरात तयार करून भिंतीवर लावला, आणि मंगळवारी-शुक्रवारी तासभर ते अर्ज वाचून देऊ लागले. अधिकाऱ्याने आपल्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूस दोन खुर्च्या मांडून घेतल्या. पहिल्या दिवशी त्याने त्यांतल्या एकीवर अक्कांना बसावयास सांगितले. पुढील साली पेरणीची प्रकरणे रोहिणीतच निकाली निघाली. त्या दोघांची मैत्री झाली म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ते भांडतच राहिले. मात्र समोरासमोर, निम्मे कन्नडात आणि निम्मे मराठीत, आणि शिपायाचा चिठ्ठ्या वाहण्याचा उद्योग बंद पडला. येळवशीला कारकुनांनी सर्वांना आपल्या शेतात जेवावयास नेले. कडब्याच्या कोपीपुढे भज्जी, उंडे, आंबील असा बेत होता. अधिकाऱ्याने आंबिलीचा एक घोट घेतला, थोडा वेळ शब्द जुळवले आणि आंबील फार आंबट झाली आहे असे मराठीत सांगितले.