ऑस्ट्रेलियावाल्याला चहा शेवटी

आमच्या कंपूत ऑस्ट्रेलिया घेणाऱ्याला चहा शेवटी मिळतो. हे रिस्कच्या नियमपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही, पण पुस्तिकेतल्या नियमांपेक्षा जास्त कसोशीने पाळलं जातं. हा खेळ खेळलेल्यांना कारण सांगायला नकोच. जगाच्या त्या पटावर 42 प्रदेश आणि 6 खंड. एखादा खंड पुरता ताब्यात ठेवला की दर फेरीला जादा कुमक मिळते. आशियाची कुमक सर्वांत मोठी, 7 सैनिकांची. पण त्यासाठी 12 प्रदेश राखायचे आणि चारी बाजूंनी मार खायचा. ऑस्ट्रेलियाचे प्रदेश चारच, आणि आत शिरायची वाट एकच, सयाममधून इंडोनेशियात. तिथे फौज रचून गुपचूप बसलं की दर फेरीला 2 सैनिक घरपोच. आमचा पिवळा पेशाने सीए आहे. "दोन तर दोन, मुदत ठेव आहे ती," असं म्हणून तो दर वेळी तिथेच जाऊन बसतो आणि तासभर कुणाच्या अध्यात ना मध्यात.

डाव बसला की आम्ही एकमेकांना रंगानेच हाक मारतो. लाल आणि निळी हे नवराबायको. कोथरूडमधला फ्लॅट त्यांचा, खोकंही त्यांचंच. काळा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. मी हिरवी. शनिवारी जेवणं आटोपली की जेवणाच्याच टेबलावर पट पसरतो. पत्ते उडतात म्हणून पंखा बंद. मे महिन्यात जागतिक युद्धाचा पारा लवकर चढतो, त्यात या पंख्याचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

पहिल्या पहिल्या डावांत प्रत्येकाला भारतच हवा असायचा. या पटावरचा भारत भलताच ऐसपैस आहे. मध्ये पाकिस्तान नाही, त्यामुळे त्याची हद्द थेट अफगाणिस्तानाला आणि मध्यपूर्वेला भिडते. उरलेल्या बाजूंना चीन आणि सयाम. म्हणजे चार शेजारी, आणि चौघांनाही कुठे ना कुठे जायचं असतं ते भारतातूनच. भारतातून अफगाणिस्तान जिंकलं की लाल हटकून उभा राहून "अटकेपार!" म्हणून ओरडायचा. पुढच्याच फेरीत उत्तरेकडून कुणीतरी उतरायचं आणि त्याची धूळधाण उडवायचं. 1758 ते 1761 हा काळ आम्ही पंधरा मिनिटांत उरकायचो. आता भारत कुणी मुद्दाम मागत नाही, पण तिथला शेवटचा सैनिक उचलताना लालचा हात अजूनही जड होतो.

मग फाशांचं गणित. चढाई करणारा जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, बचाव करणारा दोन. मोठ्याशी मोठा ताडून बघायचा, आणि बरोबरी झाली तर बचाव करणारा वरचढ. या शेवटच्या कलमावरून सुरुवातीला आमची समजूत झाली होती की तटबंदी करून बसणाराच शहाणा. किल्ल्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना ते पटतंही लगेच. काळ्याने एकदा कागदावर मांडून दाखवलं. एकास एक फासा असेल तर 36 पैकी 15 दानंच चढाई करणाऱ्याची. पण तीनास दोन टाकले की चित्र पालटतं: बचावाचे दोन्ही सैनिक पडण्याची शक्यता सुमारे 37 टक्के, चढाईचे दोन्ही पडण्याची सुमारे 29, बाकी वेळा एकास एक. म्हणजे फौज भरपूर असेल तर चाल करून जाणाऱ्याचंच पारडं जड. गणित पाठ असूनही काळा सगळ्यांच्या आधी बाद होतो, कारण प्रत्येक चढाईआधी तो शक्यता मोठ्याने सांगतो आणि त्याचा बेत सगळ्यांना कळतो.

ज्याने हा खेळ रचला तो आल्बेर लामोरिस मुळात चित्रपट दिग्दर्शक. 'द रेड बलून' या त्याच्या छोट्या फ्रेंच चित्रपटाला ऑस्कर मिळालं होतं. एक मुलगा, त्याच्या मागे मागे फिरणारा एक लाल फुगा, आणि संवाद जवळजवळ नाहीतच. त्याच माणसाने 1957 साली फ्रान्समध्ये हा जग जिंकण्याचा खेळ बाजारात आणला. इतका अबोल चित्रपट काढणाऱ्याला आमच्या टेबलावरचा आरडाओरडा मानवला असता का, कुणास ठाऊक.

कारण फासे ही या खेळातली निम्मीच गोष्ट. उरलेली निम्मी तहांची. आणि तह पाळायला लावणारं कुणीही नसतं.

मागे एका रात्री झालेला आमचा डाव यासाठीच सांगण्यासारखा आहे. लालने उत्तर अमेरिका घेतली होती, म्हणजे फेरीला 5 सैनिक. आफ्रिका माझ्याकडे. पिवळा कुठे होता ते सांगायला नको. काळ्याला युरोपातून मी आणि लालने हुसकावलं होतं. त्याच्याकडे उरला एकटा जपान, दोन सैनिक आणि हातात चार पत्ते. निळीकडे सलग खंड एकही नव्हता. सैबेरिया, मंगोलिया, कामचात्का असा आशियाचा थंड कोपरा धरून ती बसली होती, आणि तो घ्यावा असं कुणालाच वाटत नव्हतं. माझ्या अनुभवात या खेळातली सर्वांत भक्कम जागा हीच. ऑस्ट्रेलियावाल्यावर निदान सगळ्यांचा डोळा तरी असतो.

पटाच्या डाव्या टोकाला अलास्का आणि उजव्या टोकाला कामचात्का. कागदावर जगाची दोन टोकं, पण नियमाने शेजारी. त्या हद्दीवर तीन फेऱ्या शांतता ठेवायची असा तह लालने स्वतःहून मागितला आणि निळीने "बरं" म्हटलं. लालने अलास्कात दोनच सैनिक ठेवून बाकी फौज आइसलंडकडे वळवली. आम्ही तिघं कुरकुरलो, घरातल्या घरात चाललंय म्हणून.

मग एका चालीत निळीने कामचात्कातून जपान घेतला. काळा बाद, आणि त्याचे चार पत्ते नियमाप्रमाणे तिच्या हातात. तिचे स्वतःचे तीन होते. पत्ते सहा किंवा त्याहून जास्त झाले की तीनचा संच तिथल्या तिथे वटवावाच लागतो, आणि संचाचा भाव दर वेळी चढत जातो. त्या वेळी तो 15 वर होता. निळीने पंधराच्या पंधरा सैनिक कामचात्कात मांडले आणि फासे उचलले.

"अगं, तह आहे आपला!"

"होता. तीन फेऱ्यांचा. तह झाल्यावर माझ्या तीन चाली झाल्या."

"तह झाला ती फेरी धरायची नसते!"

"असं कुठे ठरलं होतं?"

लालने पिवळ्याकडे दाद मागितली. पिवळ्याने चष्मा पुसला आणि विचारलं, "लेखी आहे का?" खरं तर आम्ही कुणीच निःपक्षपाती नव्हतो. लालची उत्तर अमेरिका फुटली तर सगळ्यांचंच भलं होतं. मी निळीच्या बाजूने हात वर केला, पिवळ्यानेही केला. काळ्यानेही केला, तिनेच त्याला दोन मिनिटांपूर्वी संपवलं असताना. अलास्का पडलं, मग अल्बर्टा, आणि निळीचे फासे असे पडत गेले की पूर्व किनाऱ्यापर्यंत ती थांबलीच नाही.

मात्र डाव तिने जिंकला नाही. एवढ्या लांबवर पसरल्यावर तिच्या मागच्या प्रदेशांत एकेकच सैनिक उरला होता. पिवळा सयाममधून बाहेर पडला आणि पहाटेपर्यंत एकेक करून सगळं गोळा करत सुटला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. मुदत पूर्ण झाली, एवढंच.

लालने मात्र तेव्हापासून तोंडी तह बंद केलेत. आता कलमं कागदावर येतात, किराण्याच्या बिलाच्या पाठीवर का होईना. फेरी म्हणजे काय, ती कुणापासून मोजायची, सगळं. गेल्या खेपेला त्याने ठळक अक्षरांत लिहिलं, 'अलास्कातून कामचात्कावर चार फेऱ्या हल्ला होणार नाही.' उलट बाजूचं वाक्य लिहायचं राहून गेलं. निळीने कागद दोनदा वाचला, पेन मागितलं आणि सही करून टाकली.