पेटली की पेटवली?

स्टीफन किंगची ‘सेल’ ही कादंबरी मला माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर मिळाली. २००६ सालची. भयकथांचं वेड लहानपणापासूनचं. धारप आणि मतकरी वाचनालयातून आणून अम्मीची नजर चुकवून वाचलेले. पण धारपांच्या गोष्टीत वाईट शक्ती बहुतेक वेळा जुन्या वाड्यात किंवा तळघरात दबा धरून असते. किंगच्या या पुस्तकात ती खिशातच आहे. ऑक्टोबरची एक तारीख, दुपारचं बॉस्टन शहर. मोबाइलवरून एक लहर जाते आणि ज्याच्या ज्याच्या कानाला फोन आहे तो तिथल्या तिथे हिंस्र होतो. आइसक्रीमच्या गाडीपाशी उभी असलेली कोवळी पोर शेजारच्या बाईच्या गळ्याचा चावा घेते. नायक चित्रकार आहे, त्याच्याकडे मोबाइल नाही, म्हणून तो शाबूत राहतो.

पहिली शंभर पानं हातातून पुस्तक खाली ठेवू देत नाहीत. पुढे ते पसरट होतं. पण मधे एक प्रसंग आहे, ज्याने मला दोन रात्री झोप लागली नाही. बिघडलेली माणसं रात्री एका शाळेच्या मैदानावर एकमेकांना खेटून झोपतात. वाचलेली भली माणसं तिथे गॅसचे टँकर आणून लावतात आणि त्या झोपलेल्या शेकडोंना पेटवून देतात. आणि वाचताना आपल्याला ते पटतं! कारण ‘ती आता माणसं राहिलेली नाहीत’ हे लेखकाने आपल्या गळी आधीच उतरवलेलं असतं.

माझं पुस्तकाशी भांडण आहे ते दुसऱ्या एका शब्दावरून. ‘अचानक’.

मुंबईत डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जे झालं त्याविषयी लोक हेच बोलतात. साधी माणसं होती हो, अचानक काय झालं कोण जाणे. मी चौदा वर्षांची होते. आम्ही परळच्या एका चाळीत राहायचो. तळमजल्यावर जिन्यापाशी भाडेकरूंच्या नावांचा रंगवलेला फळा होता, खोली नंबरसकट. जानेवारीतल्या एका संध्याकाळी शेजारचे मालवणी काका स्टूल घेऊन आले, स्क्रू काढले आणि फळा उतरवून आपल्या खाटेखाली सारला. हे काका रोज पक्षाच्या शाखेत बसणारे. अम्मीला एवढंच म्हणाले, “भाभी, दोन दिवस दार लावूनच घ्या. पाणी मी भरून देतो.”

काकांचं हे वागणं घरात आजही आदराने सांगितलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण मला मोठेपणी वेगळाच प्रश्न पडला. फळा काढायचा, हे त्यांना कसं सुचलं? कुणीतरी नावं वाचत येणार आहे, हे त्यांच्या कानावर आलेलं असणार. अचानक होणाऱ्या गोष्टीसाठी कुणी आदल्या संध्याकाळी स्टूल शोधत नाही.

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. त्यात ९०० मृत्यूंची नोंद आहे. ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, बाकीचे इतर किंवा ओळख न पटलेले. डिसेंबरच्या पहिल्या उद्रेकाला अहवाल उत्स्फूर्त, नेता नसलेला म्हणतो. जानेवारीचं तसं नाही. शिवसैनिकांचे हल्ले लष्करी शिस्तीत झाले, दुकानांच्या आणि मतदारांच्या याद्या हातात होत्या, असं तो सांगतो. ‘सामना’ आणि ‘नवाकाळ’मधल्या लिखाणाकडेही बोट दाखवतो. किनाऱ्यावर हत्यारांनी भरलेल्या होड्या उतरणार अशा आवया तेव्हा पसरल्या होत्या, आणि दादरमध्ये शिकलेसवरलेले लोकही रात्र रात्र जागत होते. समोरचा माणूस राहिलेला नाही, हे आधी गळी उतरवावं लागतं. कादंबरीत ते काम लेखक करतो.

वर्गात मी प्रयोजक क्रियापद शिकवते. पेटणे, पेटवणे. भडकणे, भडकवणे. आणि मग वर्तमानपत्र उघडावं तर ‘दंगल उसळली’, ‘दंगल पेटली’. पेटवणारा वाक्यातून बाहेर! उर्दूतही तेच, लाजिम आणि मुतअद्दी हा फरक तासभर समजावून घरी यावं तर आपले बुजुर्ग म्हणतात, “तब हालात खराब हो गए थे.” हालात. जणू पावसाळा. आपल्यालाही हा शब्द सोयीचा आहे. जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत सहा जण जळाले, असं आपण म्हणतो. जळाले नाहीत, जाळले. जाळणारे मुसलमान होते, आणि ते वाक्य कर्त्यासकट म्हणायला आपली जीभ अडखळते.

आता तर मोबाइलही आला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कितीतरी दिवस फिरत होते. किंगच्या गोष्टीत फोन कानाला लावला की खेळ खलास, माणसाच्या हातात काही उरत नाही. इथे प्रत्येकाने मेसेज वाचला, विचार केला किंवा केला नाही, आणि अंगठ्याने पुढे पाठवला. बाजारात गर्दी जमल्यावरही कुणी मारलं, कुणी शूटिंग केलं, कुणी नुसतं पाहिलं. अगदी एकाच लहरीने हे सगळं होत नसतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या त्या दंगलींबद्दल निकाल दिला. बेपत्ता झालेल्या १६८ जणांपैकी ६० जणांच्याच वारसांना भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांचा ठावठिकाणा लागत नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. ते शोधा, असं न्यायालयाने सांगितलं. १९९३ च्या जानेवारीत मात्र पत्ते शोधायला एकेक रात्र पुरली होती.

काका आता नाहीत. पुनर्विकासात चाळही गेली. तो फळा नंतर परत लावला होता. आमचं नाव चौथ्या ओळीत होतं, खोली नंबर २३.