जूनचं रोप, मेचं पाणी

मृगाची पहिली सर पडून गेली की सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या पटांगणात लालभडक मखमली किडे निघायचे. ऐंशीच्या दशकात त्या भागात प्राथमिक शाळेत असलेल्या कुणालाही विचारा, मृगाचा किडा काडेपेटीत ठेवल्याची आठवण निघणारच. बोट लावलं की तो पाय पोटाशी घेऊन गप्प बसायचा आणि पोरं तो पुन्हा कधी चालतोय याची वाट बघत उकिडवी बसायची. त्याला पाय आठ असतात, म्हणजे तो खरं तर कोळ्याच्या गोतातला, हे गुरुजी पुढे कधीतरी सांगत. पाय मात्र पोरांनी आधीच मोजलेले असत.

तेव्हा ‘परिसर अभ्यास’ नावाचं पुस्तक होतं, पण परिसराचा बराचसा अभ्यास पुस्तकाबाहेरच व्हायचा. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद घालून त्याच्या कडेला चवळी लावायची आणि मूळ खाली, कोंब वर का जातो यावर भांडायचं. गणिताला चिंचोके. बेंदराच्या आदल्या दिवशी ओढ्याकाठची चिकणमाती आणून बैल करायचे. कुठली माती वाळल्यावर तडकते हे हातांना कळायचं. मुलींचे सागरगोटे काटेरी वेलीच्या शेंगेतून निघालेले असत आणि ती वेल कुठल्या कुंपणावर आहे ते त्यांनाच ठाऊक असे.

गणपतीच्या आदल्या दिवशी आजी पत्री आणायला पिटाळायची. दूर्वा आणि आघाडा कुठेही मिळे. माका हवा तर पाणथळ जागी जायचं. डोरलीचं पान तोडताना काटा लागला तर रडायचं नाही. शमी म्हणून बाभळीचा डहाळा आणला तर आजी परत पाठवायची. ही तोंडी परीक्षा दरवर्षी व्हायची आणि नापास होणाऱ्याला पुन्हा रानात जावं लागायचं. आता पत्रीची तयार जुडी बाजारात मिळते. तिच्यात काय काय आहे, हे विकणाऱ्यालाही नेहमी सांगता येतंच असं नाही.

पण त्या काळाला सोन्याचं पाणी चढवायचं कारण नाही. चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याचं विमान करणारी पोरं तीच होती. गलोलीने पाखरू पाडणं हा पराक्रम होता आणि पोपटाचा पिंजरा घराची शोभा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 सालीच आला होता, पण तो वर्गापर्यंत पोचला नव्हता. मुलगे रानोमाळ भटकत, मुलींना मात्र दिवेलागणीच्या आत घर गाठावं लागे. सामाजिक वनीकरणाच्या काळ्या पिशव्यांतून शाळेत येणारी रोपं बऱ्याचदा सुबाभूळ किंवा निलगिरीची असत. ही झाडं मुळात इथली नाहीत, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आजचं मूल या बाबतीत कितीतरी पुढे आहे. पोपट पाळणं बेकायदा आहे, हे चौथीतली नात आजीला ठणकावून सांगते. बहावा, पळस, करंज ही आपली झाडं, हे तिला माहीत असतं. बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी सापडली तर ती झटकून न टाकता बरणीत ठेवते, रोज ताजं पान देते, अळी हिरवी होताना, कोष करताना बघते आणि फुलपाखरू निघालं की सोडून देते. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजले जातात, त्यात पंधरा मिनिटं खिडकीत उभी राहून तीही आपली नोंद घालते. जुन्या पोरांकडे ओळख होती, पण माया कमी होती. हिच्याकडे माया आहे, ओळख व्हायला जागा आणि वेळ कमी आहे.

वेळेची ही गोष्ट जरा नीट बघायला हवी. शाळेच्या ग्रुपवर रात्री नऊ वाजता निरोप येतो: उद्या पाच प्रकारची पानं पाठवावीत. मग आई-बाबा मोबाइलच्या उजेडात सोसायटीच्या बागेत शिरतात, तिथे ‘पाने-फुले तोडू नयेत’ अशी पाटी असते. पानं वर्गात जातात, चिकटतात, फोटो निघतो, विषय संपतो. सीडबॉलचंही तेच. माती मळताना मुलांना मजा येते हे खरं, पण गोळे डोंगरावर फेकल्यावर काय उगवलं ते बघायला पुन्हा कुणी जात नाही.

जुन्या शाळेत ‘उपक्रम’ हा शब्द फारसा ऐकू यायचा नाही. तिथे पाळी असायची. फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहिलेली असत: आज झारी कुणाकडे, आळं कोण करणार, बाभळीच्या काट्यांचं कुंपण कोण बघणार. शेळी आत शिरली तर ज्याची पाळी त्याला बोलणी बसत. एकच झाड वर्षभर बघितल्यामुळे त्याची पानगळ, पालवी, त्याच्यावरचे मुंगळे पाठ होत.

असं शिक्षण केवळ खेड्यात राहिल्याने आपोआप घडत नाही, ते कुणीतरी विचारपूर्वक उभं करावं लागतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर तेच केलं. महागडी साधनं आणण्याऐवजी त्यांनी शिंपले, खडे, पानं, बिया मुलांच्या हाती दिल्या. गुरं राखणारी वारली मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तेव्हा शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा म्हटलं. मूल रोज जिथे असतं तिथेच शिकवायचं, हा त्यामागचा विचार होता. आजच्या मुलाचं कुरण म्हणजे गच्ची, पार्किंगच्या कडेचा सोनमोहोर, शाळेच्या वाटेवरचा पिंपळ. एका झाडाची दर आठवड्याला नोंद ठेवणारा ‘सीझनवॉच’सारखा प्रकल्प हेच काम नव्या पद्धतीने करतो.

अडतं ते कॅलेंडरवर. जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला येतो, तेव्हा राज्यातल्या बहुतेक शाळा उघडलेल्याही नसतात. त्या उघडल्या की वृक्षारोपण होतं, पाऊस रोप सांभाळतो, हिवाळाही निभतो. खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये लागते आणि नेमकी तेव्हा शाळेला सुट्टी. पूर्वी शाळेच्या आसपास राहणारी पोरं सुट्टीतही कळशी घेऊन यायची. आज मुलं स्कूलबसने दहा किलोमीटरवरून येतात, त्यांनी कसं यावं? 2019 मध्ये राज्याने 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. शाळेने एवढ्या मोठ्या आकड्याच्या मागे लागू नये. वर्गाला झेपतील तेवढी, चार-पाच रोपं पुरेत. मात्र जूनमध्ये खड्डा खणण्याआधी मे महिन्याच्या पाण्याच्या पाळ्या लावाव्यात, त्यात शाळेजवळ राहणारे पालक, शिपाईमामा आणि एखादे निवृत्त आजोबा धरावेत, आणि तो कागद मुलांकडूनच लिहून घ्यावा.